होतकरू : ट्रॉलपच्या 'फिनिअस फिन'विषयी

'होतकरू' हा शब्द मराठीत मोठा सोयीचा आहे. ज्याने अद्याप काही केलेले नाही, परंतु जो पुढेमागे काहीतरी करील अशी इतरांची खात्री झालेली आहे, त्यास आपण होतकरू म्हणतो. वधूपित्याच्या तोंडी हा शब्द येतो, वरिष्ठांच्या गोपनीय अभिप्रायात येतो, आणि नव्या कवीच्या पहिल्या संग्रहाच्या प्रस्तावनेत तर तो हटकून येतो. त्यात कौतुक असते हे खरे; पण बारकाईने पाहिले तर त्यात थोडी उसनवारीही असते. होतकरू माणसाला आज जे दिले जाते ते उद्याच्या भरवशावर दिलेले असते, आणि देणारा ते विसरत नाही.

हाच व्यवहार एखादा राजकीय पक्ष करू लागला म्हणजे काय होते, हा या लेखाचा विषय आहे. जुने पुढारी एकमेकांना कंटाळलेले, मतदार त्या सर्वांनाच कंटाळलेला, आणि अशा वेळी कोठून तरी एक देखणा, मनमिळाऊ, निष्कलंक तरुण पुढे येतो व सगळा पक्ष त्याच्याकडे डोळे लावून बसतो. हे दृश्य आपल्या देशात कोणास अपरिचित नाही. परंतु आम्ही पडलो केंद्र सरकारच्या सेवेतील कारकून. १९६४ च्या आचारनियमांतील पाचवा नियम आम्हांस मत देऊ देतो, पण ते कोणाला दिले वा देणार हे सुचवूही देत नाही. मग इकडच्या पक्षांविषयी आणि इकडच्या होतकरूंविषयी जाहीर लिहिणे दूरच राहिले. तेव्हा वाचकांची क्षमा मागून आम्ही थेट लंडन गाठतो, आणि तेही दीडशे वर्षांमागचे. तेथवर नियमाचा हात पोचत नाही.

अँटनी ट्रॉलप याची 'फिनिअस फिन' ही कादंबरी आम्ही प्रथम वाचली ती बदलीच्या गावी, तेथील महाराष्ट्र मंडळाच्या ग्रंथालयातून. मंडळाच्या ग्रंथालयात इंग्रजी पुस्तकांचे एक कपाट असते आणि त्याच्याकडे सहसा कोणी फिरकत नाही. बदलून गेलेल्या कोणा अधिकाऱ्याने सामान हलके करण्यासाठी मागे ठेवलेली ती पुस्तके असतात. मराठी पुस्तकांसाठी रांग लागलेली असताना आमचा हात त्या कपाटाकडे गेला तो निव्वळ नाइलाजाने. पण पुस्तक वाचून झाले तेव्हा मनात आले की, हे पुस्तक जणू बदलीवरच्या नोकरदारांसाठीच लिहिले गेले असावे. हे म्हणणे चमत्कारिक वाटेल. त्याचे कारण पुढे येईल.

या कादंबरीविषयी इंग्रजी वाचकांचे एक ठरीव मत आहे. एक देखणा आयरिश तरुण लंडनच्या पार्लमेंटात येतो, तीनचार स्त्रियांच्या प्रेमात पडतो, वर चढतो, खाली येतो, आणि शेवटी गावाकडच्या मुलीशी लग्न करून सुखी होतो. राजकारण हा या प्रेमकथेमागचा रंगवलेला पडदा आहे, असे ते मत. आमच्या समजुतीने हे उलटे आहे. प्रेमकथा हा पडदा आहे. एका राजकीय पक्षाला नवा माणूस का हवा असतो, त्याच्याकडून त्याला नेमके काय हवे असते, आणि ते मिळेनासे झाले म्हणजे पक्ष काय करतो, हा या कादंबरीचा खरा विषय होय.

प्रथम लेखकाविषयी दोन शब्द. ट्रॉलप (१८१५-१८८२) हा जन्माने सुखवस्तू म्हणता यावा अशा घरचा, पण बापाच्या हातून सारे निसटून गेलेले. १८३४ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, तो लंडनच्या टपालखात्यात कारकून म्हणून चिकटला. चिकटला हाच शब्द योग्य. कारण परीक्षा अशी नव्हतीच. वशिला होता. वृत्तपत्रातील काही ओळी नकलून दाखव, असे त्यास सांगण्यात आले. त्याने कागदावर शाईचे डाग पाडले. उद्या सुवाच्य अक्षरात लिहून आण, असा हुकूम झाला. आणि दुसऱ्या दिवशी त्याने मेहनतीने लिहून नेलेला कागद कोणी पाहिलाच नाही. ही हकीकत त्याने आत्मचरित्रात स्वतःच सांगितली आहे. १८४१ साली त्याची आयर्लंडात बदली झाली आणि तेथे, परमुलखात, हा माणूस प्रथम माणसात आला. खात्यातील कामासाठी त्याने आयर्लंड घोड्यावरून पालथे घातले. १८५८ साली तर हिंदुस्थान व ऑस्ट्रेलियाकडे जाणारी डाक इजिप्तमधून रेल्वेने नेण्याचा करार करण्यासाठी खात्याने त्यास तिकडे पाठविले होते. मुंबई बंदरात उतरणाऱ्या टपालाच्या थैल्यांशी या कादंबरीकाराचा असा कचेरीचा संबंध होता. पहाटे साडेपाचला उठून, घड्याळ समोर ठेवून, दर पाव तासास अडीचशे शब्द या हिशेबाने लिहायचे आणि मग कचेरीची वाट धरायची, या शिस्तीने त्याने सत्तेचाळीस कादंबऱ्या लिहिल्या.

या कारकुनाच्या मनात एक सल होता. तरुणपणी त्याच्या एका मामाने विचारले, पुढे काय व्हावेसे वाटते? पोराने सांगितले, पार्लमेंटचा सभासद. मामा उपहासाने म्हणाले की, टपालखात्यातले फारसे कारकून पार्लमेंटात गेल्याचे आपल्या तरी ऐकिवात नाही. हे बोलणे ट्रॉलप जन्मभर विसरला नाही. बावन्नाव्या वर्षी, १८६७ साली, त्याने नोकरीचा राजीनामा दिला आणि पुढच्याच वर्षी बेव्हर्ली येथून लिबरल पक्षातर्फे निवडणूक लढविली. चार उमेदवारांत तो चौथा आला. पैसे वाटण्याबद्दल त्या गावाचा लौकिक एवढा होता की, पुढे चौकशी होऊन १८७० साली त्या मतदारसंघाचा हक्कच काढून घेण्यात आला. मामांचे म्हणणे खरे ठरले.

'फिनिअस फिन' लिहून झाली ती राजीनाम्याच्या आणि या पराभवाच्याही आधी. सभागृहाच्या प्रेक्षकसज्जात बसण्याची परवानगी सभापतींकडून मिळवून ट्रॉलप काही महिने तेथे बसून ऐकत होता. १८६७ च्या ऑक्टोबरापासून १८६९ च्या मेपर्यंत, स्वतःच संपादित केलेल्या 'सेंट पॉल्स' मासिकात ती क्रमशः प्रसिद्ध झाली. म्हणजे वाचक जेव्हा फिनिअसचा उत्कर्ष वाचत होते, तेव्हा त्याचा कर्ता स्वतः बेव्हर्लीच्या चिखलात उभा होता. सज्जात बसून खालच्या बाकांकडे पाहणारा नोकरदार, ही या पुस्तकाची बैठक आहे. आत काय चालते हे त्यास माहीत आहे, आणि आपण आत नाही हेही माहीत आहे. मंत्र्यांची भाषणे ज्यांच्या मेजावरून तयार होऊन जातात पण ज्यांस ती करता येत नाहीत, अशा आमच्यासारख्यांस ही बैठक ओळखीची वाटली तर नवल नाही.

आता कथा. फिनिअस हा आयर्लंडातील किलालू गावच्या एका कॅथलिक डॉक्टरचा मुलगा. लंडनला वकिली शिकण्यास आलेला. खर्चास बाप वर्षाला दीडशे पौंड देतो. वकिली सुरूही झालेली नाही तोच लिबरल पक्षाचे मंत्रिमंडळ बनविणाऱ्यांपैकी एक धूर्त तरुण, बॅरिंग्टन अर्ल, त्यास विचारतो की, लॉकशेनच्या जागेवरून उभा राहतोस काय? जागा रिकामी का, तर तेथील जमीनदार लॉर्ड टल्ला आणि त्यांचे बंधू यांचे भांडण झाले आहे. फिनिअसच्या अंगी कोणते गुण आहेत, हा प्रश्न निघतच नाही. तो दिसायला चांगला आहे, बोलायला गोड आहे, कोणाचा शत्रू नाही. फिनिअस भाबडेपणाने सांगतो की, आपण गेलो तर देशाच्या हिताला जे योग्य वाटेल तसे वागू, केवळ पक्षासाठी नव्हे. अर्लला या बोलण्याची किळस येते. हा प्रसंग कादंबरीच्या अगदी आरंभी आहे आणि पुढचे सारे त्यात बीजरूपाने आहे. पक्षाला नवा माणूस हवा आहे; नवे मत नको आहे.

ट्रॉलपचे मर्म आमच्या मते येथे आहे. पक्ष होतकरूवर आशा ठेवतो ती त्याच्यात काही दिसते म्हणून नव्हे, तर त्याच्यात अद्याप काही दिसत नाही म्हणून. कोऱ्या कागदावर ज्याला जे हवे ते वाचता येते. अर्लला फिनिअसमध्ये एक हुकमी मत दिसते. लेडी लॉरा स्टँडिश या बुद्धिमान स्त्रीला, जिला स्वतःला पार्लमेंटात जाता येत नाही, त्याच्यात आपली अपुरी राहिलेली महत्त्वाकांक्षा दिसते. तिच्या वडिलांना, ब्रेंटफर्डच्या अर्लना, आपल्या मुठीतल्या लॉटन गावासाठी एक सोयीचा प्रतिनिधी दिसतो. क्विंटस स्लाइड या वृत्तपत्राच्या संपादकाला आपल्या पत्राचा नायक दिसतो, आणि तो नायक हाती लागत नाही असे कळताच तोच संपादक त्याची निंदा सुरू करतो. म्हाताऱ्या मंक या तत्त्वनिष्ठ मंत्र्याला मात्र त्याच्यात त्याची स्वतःची, तरुणपणची सावली दिसते. एकाच तरुणाकडे पाच माणसे पाहतात आणि प्रत्येकाला आपलेच काहीतरी दिसते. त्या तरुणाला स्वतःला काय दिसते, हे विचारणारे कोणी नाही. आणि खरे सांगावयाचे तर बराच काळपर्यंत त्यालाही काही दिसत नाही.

या कोरेपणाचे वर्णन ट्रॉलप ज्या तपशिलाने करतो त्याला तोड नाही. फिनिअसचे पहिले भाषण घ्या. तो ते पाठ करतो, संधी येते, आणि पाय उचलत नाही. पुढे एकदा भलत्या वेळी उठतो आणि अडखळत भलतेच बोलून बसतो. सर्व सभागृह सभ्यपणे टाळ्या देते, कारण नव्या सभासदाच्या पहिल्या भाषणाला टाळ्या देण्याची रीत आहे. आणि त्या टाळ्यांनीच त्यास आपल्या फजितीचे खरे माप कळते. मग त्याची नेमणूक सैन्याला व आरमाराला पुरवावयाच्या डब्यांतील वाटाण्यांच्या चौकशी समितीवर होते. आम्ही हे प्रकरण वाचताना मोठ्याने हसलो. पण हसणे थांबल्यावर ध्यानात आले की, ट्रॉलप येथे थट्टा करीत नाही. फिनिअस वाटाण्यांचा मनापासून अभ्यास करतो आणि त्या अभ्यासातून तो प्रथमच उपयोगाचा माणूस बनतो. राज्यकारभार म्हणजे बव्हंशी वाटाणेच असतात, हे टपालखात्यात तेहतीस वर्षे काढलेल्या माणसास ठाऊक होते. भाषणांनी राज्ये चालतात असे समजणारा कादंबरीकार हे प्रकरण लिहू शकला नसता.

पण या पुस्तकातील आमचे सर्वांत आवडते पात्र वेगळेच आहे. फिनिअस ज्या घरी भाड्याने राहतो त्या घराचा मालक जेकब बन्स. हा बन्स वकिली कागदांच्या नकला करणारा कारकून आहे. रोज दहा तास हातात लेखणी धरतो. आपल्या संघाची वर्गणी बायकोची बोलणी खाऊनही न चुकता भरतो. गुप्त मतदानाची मागणी करणाऱ्या जमावात तो जातो, पकडला जातो आणि कोठडी पाहून येतो. फिनिअसला मिळालेल्या मानाच्या पदाचे त्याला कौतुक नाही; पगार घेणाऱ्याची जीभ बांधली जाते, असे त्याचे रोखठोक मत आहे. बन्सला कोणी होतकरू म्हणत नाही. त्याच्यावर कोणत्या पक्षाने आशा ठेवलेली नाही. आणि तरीही सगळ्या कादंबरीत आरंभापासून शेवटपर्यंत एकच मत धरून राहिलेला आणि त्याची किंमत मोजणारा माणूस तो एकटाच. त्याने ज्यासाठी मार खाल्ला ते गुप्त मतदान पुढे १८७२ साली इंग्लंडात कायद्याने आले. ट्रॉलपला स्वतःला गुप्त मतदान पसंत नव्हते. तरी त्याने बन्सला हास्यास्पद केले नाही, हा त्याच्या कलेचा प्रामाणिकपणा होय.

बन्सच्या त्या बोलण्याने आपण कादंबरीच्या गाभ्याशी येतो. १९११ पर्यंत इंग्लंडात पार्लमेंटच्या सभासदाला वेतन नव्हते. ही एक गोष्ट लक्षात ठेवली म्हणजे सारी कादंबरी उलगडते. श्रीमंताला स्वतंत्र मत परवडते. गरीब होतकरूपुढे तीनच वाटा उरतात: कोणा सरदाराच्या कृपेने जागा मिळवायची, मंत्रिमंडळात पगारी पद मिळवायचे, किंवा श्रीमंत स्त्रीशी लग्न करायचे. फिनिअस पहिल्या दोन वाटांनी चालून पाहतो. तिसरी वाट मादाम मॅक्स गेस्लर ही धनवान विधवा आपण होऊन त्याच्यापुढे उघडते आणि तो ती नाकारतो. त्याच्या प्रेमप्रकरणांची टिंगल करणाऱ्या टीकाकारांनी हे पाहिलेले दिसत नाही की, या पुस्तकात प्रत्येक प्रेमप्रकरण हा उत्पन्नाचाही प्रश्न आहे. लेडी लॉरा त्याला नाकारून केनेडी या धनाढ्य गृहस्थाशी लग्न करते, कारण तिची स्वतःची संपत्ती भावाचे कर्ज फेडण्यात गेलेली असते. ती तेथे जे विकते तेच फिनिअस पार्लमेंटात विकत असतो. या दोघांची कथा समांतर आहे, आणि दोघांपैकी तिची अधिक दारुण आहे. फिनिअसला निदान राजीनामा देता येतो. तिला तीही सोय नाही.

तो राजीनामा आयरिश कुळांच्या प्रश्नावर येतो. आपल्याकडे १९४८ च्या मुंबई कुळकायद्याने जो प्रश्न हाती घेतला, त्याच जातीचा तो प्रश्न. जमीन कसणाऱ्याने जमिनीत घातलेली मेहनत कोणाची, आणि जमीनदार त्याला मनास येईल तेव्हा काढू शकतो की नाही? या मासिकाच्या वाचकांपैकी कित्येकांच्या घरी या प्रश्नाची दुसरी बाजू सांगितली जात असेल. आमच्याही घरी सांगितली जाते. पणजोबांची कोकणातील भातशेती कुळांकडे गेली आणि त्यानंतर घरातील मुलांनी नोकऱ्या धरल्या, ही कथा आम्ही लहानपणापासून ऐकली आहे. फिनिअसच्या भाषणापाशी आम्ही म्हणूनच जरा सावधपणे पोचलो. आणि तरी कबूल केले पाहिजे की, ज्या क्षणी तो आपल्या पक्षाविरुद्ध, आपल्या पगाराविरुद्ध, मंकच्या बाजूला जाऊन उभा राहतो, त्या क्षणी हा चारशेपाचशे पाने केवळ गोड वाटलेला तरुण प्रथमच आदरणीय वाटतो. त्याच क्षणी पक्षाची आशा संपते. कागदावर अक्षर उमटले. आता त्यावर दुसऱ्या कोणास काही वाचता येणार नाही.

इतिहासाने या प्रसंगाला जी पुस्ती जोडली ती ट्रॉलपलाही सुचली नसती. कादंबरी पुस्तकरूपाने १८६९ साली आली. पुढच्याच वर्षी, १८७० साली, ग्लॅडस्टनच्या लिबरल सरकारने आयर्लंडच्या जमिनीचा कायदा केला आणि काढून टाकलेल्या कुळास नुकसानभरपाईचे तत्त्व मान्य केले. म्हणजे ज्या मतासाठी कादंबरीतील लिबरल पक्षात होतकरूला जागा उरली नाही, ते मत खऱ्या लिबरल पक्षाने वर्षभरात आपलेसे केले. फिनिअसची चूक मताची नव्हती, वेळेची होती. पक्ष मत बदलतो; परंतु त्याच्या आधी बदललेल्या माणसाला तो क्षमा करीत नाही. हा नियम आम्हांस या पुस्तकाने शिकविला.

हा नियम कादंबरीपुरताच आहे असे नाही. १९४० साली अमेरिकेतील रिपब्लिकन पक्षाने फिलाडेल्फियाच्या अधिवेशनात सहाव्या फेरीत वेंडेल विल्की यांस अध्यक्षपदासाठी उभे केले. हे गृहस्थ कधी कोणत्या पदावर निवडून आले नव्हते. १९३९ पर्यंत त्यांची नोंद विरुद्ध पक्षाचे म्हणूनच होती. जुने पुढारी मागे पडले, सज्जांतून त्यांच्या नावाचा घोष झाला, आणि दोन वेळा हरलेल्या पक्षाला वाटले की, तारणहार मिळाला. ते रूझवेल्टांकडून हरले. हरणे क्षम्य होते. परंतु नंतर युद्धात ब्रिटनला मदत द्यावी, जग एक आहे, वसाहतींस स्वातंत्र्य मिळाले पाहिजे, असे ते स्वतःच्या बुद्धीने बोलू लागले. १९४३ साली त्यांचे 'वन वर्ल्ड' हे पुस्तक लाखांनी खपले; पण १९४४ च्या विस्कॉन्सिनमधील निवडीत त्यांच्या पदरी एकही प्रतिनिधी पडला नाही, आणि त्याच वर्षी ते वारले. विल्की मोठे होत गेले आणि पक्षाच्या उपयोगाचे उरले नाहीत, एवढेच त्या कथेचे सार.

आता कादंबरीचे दोष. शिकारीची प्रकरणे लांबलेली आहेत; ज्यांस घोड्यांची आवड नाही त्यांनी ती भराभर उलटावीत. ज्या कुळांसाठी नायक सर्वस्व सोडतो त्यांपैकी एकही कूळ लक्षात राहील असे पात्र म्हणून पुस्तकात येत नाही. आयर्लंडातील १८४५ नंतरचा भीषण दुष्काळ ज्याने नोकरीनिमित्त डोळ्यांनी पाहिला, त्या लेखकाला हे अशक्य नव्हते. परंतु सर्वांत मोठा दोष शेवटाचा आहे, आणि तेथे आमचा खुद्द ट्रॉलपशी मतभेद आहे.

शेवटी फिनिअस घरी परततो, बालमैत्रीण मेरी हिच्याशी लग्न करण्याचे ठरवितो, आणि जुने मित्र त्यास कॉर्क परगण्यातील गरीबगृहांच्या निरीक्षकाची जागा मिळवून देतात. वर्षाला हजार पौंड. आत्मचरित्रात ट्रॉलप म्हणतो की, मेरीशी त्याचे लग्न लावले ही आपली चूक झाली. कारण पुढे 'फिनिअस रिडक्स' (१८७४) मध्ये त्यास लंडनला परत आणावयाचे होते आणि त्यासाठी त्या बिचारीला मारावे लागले. आमच्या मते चूक मेरी ही नव्हे. मेरी ठीक आहे. चूक ती नोकरी आहे. पक्षाविरुद्ध मत दिल्याबद्दल ज्याने सर्व सोडले, त्याला त्याच पक्षाच्या मित्रांनी मागच्या दाराने हजार पौंडांची सरकारी जागा द्यावी आणि लेखकाने त्यास सुखान्त म्हणावे, हे आम्हांस पचत नाही. आणि जागा तरी कोणती? शेतातून काढलेली कुळे शेवटी ज्या गृहांत जाऊन पडत, त्या गृहांच्या तपासणीची. कुळांसाठी ज्याने पार्लमेंट सोडले तो आता त्यांच्या अन्नाचे तोळे मोजणार. यातील क्रूर विरोध लेखकाच्या ध्यानात आला असे कोठे दिसत नाही.

असे का झाले असावे? आम्हांस वाटते, येथे कादंबरीकारावर कारकुनाने मात केली. ट्रॉलप वशिल्याने नोकरीत आला होता आणि वशिल्यात त्यास काही गैर दिसत नव्हते. १८५४ च्या नॉर्थकोट-ट्रेव्हेलिअन अहवालाने सरकारी नोकरीसाठी स्पर्धा परीक्षेची शिफारस केली तेव्हा तो तिच्या विरुद्ध होता. 'द थ्री क्लार्क्स' (१८५८) या कादंबरीत त्याने ट्रेव्हेलिअनसाहेबांचे व्यंगचित्रही रंगविले. हेच ट्रेव्हेलिअन पुढे मद्रासचे गव्हर्नर होऊन इकडे आले. ज्या परीक्षापद्धतीची ट्रॉलपने थट्टा केली तिच्याच जोरावर आमच्यासारखी, ओळख ना देख अशी माणसे घरापासून हजार मैलांवर कचेरीत बसली आहेत. म्हणून कॉर्कच्या त्या जागेपाशी आम्ही थबकलो. ज्याला ती मिळाली नाही असा एखादा आयरिश पदवीधर आमच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. ट्रॉलपच्या डोळ्यांपुढे तो कधीच आला नाही.

मराठीत या जातीचे लेखन थोडे आहे. अरुण साधू यांच्या 'मुंबई दिनांक' (१९७२) आणि 'सिंहासन' (१९७७) या कादंबऱ्यांचे नाव येथे आदराने घेतले पाहिजे. त्यांवरून जब्बार पटेलांनी काढलेला 'सिंहासन' हा चित्रपटही (१९७९) आमच्या मंडळींनी पुनःपुन्हा पाहिलेला आहे. परंतु साधूंनी सत्तेकडे पाहिले ते वार्ताहराच्या नजरेने. वार्ताहर गर्दीच्या वेळी येतो आणि गर्दीबरोबर जातो. कचेरीतला माणूस मंत्री येण्याआधी तेथे असतो आणि गेल्यावरही तेथेच असतो. त्या खुर्चीवरून पाहिलेली राजकीय कादंबरी मराठीत यावयाची आहे. ती लिहिण्यास लागणारी माहिती ज्यांच्यापाशी आहे ते नियमांनी बांधलेले आहेत, हे खरे. पण ट्रॉलपनेही 'फिनिअस फिन' लिहिली ती नोकरीत असतानाच.

आमच्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका कचेरीत एक तरुण राज्यमंत्री आले होते. कोण, कोठले, ते सांगण्याचे कारण नाही. त्यांच्याविषयी सर्वत्र मोठ्या आशेने बोलले जाई. ते आले त्या आठवड्यात दारावर नवी पाटी लागली आणि त्यांच्या नावाचे टपालकागद छापून गठ्ठ्यांनी आले. कागद जाड, पांढरेशुभ्र, वर राजमुद्रा. थोड्याच काळात फेरबदल झाला व ते गेले. पाटी अर्ध्या तासात उतरली. कागद मात्र संपता संपेनात. टाकून देणे जिवावर येई, म्हणून नाव असलेली बाजू फुलीने खोडून आम्ही पाठकोऱ्या बाजूवर कच्चे मसुदे लिहीत असू. वर्षभर आमची सर्व टिपणे त्या होतकरूच्या पाठीवर लिहिली गेली. त्या गृहस्थांना कोणते मत होते की नव्हते, आणि ते त्यांनी बोलून दाखविले म्हणून गेले की न दाखविताच गेले, हे आम्हांस कधी कळले नाही. आणि खरे म्हणजे, ते असताना आमच्यापैकी कोणी त्यांस विचारलेही नाही.

'फिनिअस फिन' मिटताना आमच्या मनात आला तो हा प्रश्न, आणि वाचकांपुढेही तोच ठेवून आम्ही रजा घेतो. होतकरूवर आशा ठेवणारा पक्ष दोषी खराच. पण त्याच्याकडे कोऱ्या कागदासारखे पाहणाऱ्यांत आपणही असतो. बन्सने तसे पाहिले नाही. त्याने आपल्या भाडेकरूस तोंडावर विचारले की, तुमचे मत काय? दहा तास लेखणी धरणाऱ्या त्या नकलनविसाला जे जमले ते अवघड खरेच. पण ते करण्यास आमच्या माहितीप्रमाणे कोणताही आचारनियम आड येत नाही.